बागेत गाण्यास मनाई

सुलोचना थूलचा आवाज काही गोड नव्हता. अल्लीपूरच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून सगळी नोकरी काढलेली बाई. अडलेल्या बाळंतिणीला धीर द्यायचा, दारू पिऊन आलेल्याला दरडावायचं, यातच तो आवाज घडलेला. पण सूर पक्का होता आणि छातीत दम होता. टाकीच्या बागेत ती गायला लागली की फाटकाबाहेरचा पाणीपुरीवाला हात आवरता घ्यायचा.

निवृत्तीनंतर ती पिपरी मेघ्यात राहायला आली. मुलगी नंदिनी लग्न होऊन पुण्याला गेलेली. घरात ती आणि नवरा प्रेमदास, दोघंच. प्रेमदास एस.टी.त कंडक्टर होता. जन्मभर गर्दीत उभं राहिलेल्या माणसाला आता शांतता हवी होती, आणि सुलोचनेला तीच शांतता खायला उठायची. म्हणून ती रोज संध्याकाळी टाकीच्या बागेत जायला लागली. तिथे आधी मंदाबाई भेटली, ती अंगणवाडीतून निवृत्त झालेली. मग शिवणकाम करणारी ज्योत्स्ना. हळूहळू सात-आठ जणी जमायला लागल्या. बागेच्या मधोमध एक दगडी चौथरा होता, त्यावर बसून त्या गायच्या. भीमगीतं, जात्यावरच्या ओव्या, कोणाच्या आजीकडून आलेलं अर्धवट आठवणारं एखादं गाणं. पेटी नाही, तबला नाही, नुसत्या टाळ्या.

बागेचा वॉचमन जंगू कुमरे झाडांना पाणी घालताना या गाण्यांकडे कान लावून असायचा. तो कारंजा घाडग्याकडच्या जंगलातल्या गावचा, गोंड. पाण्याचा पाइप धरून तो स्वतःशीच त्याच्या भाषेत गुणगुणायचा. एकदा बायकांनी त्याला आग्रह करून चौथऱ्यावर बसवलं. मान खाली घालून त्याने एक लांबलचक गाणं म्हटलं. कोणाला एक शब्द कळला नाही, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "कशाचं होतं रे गानं?" सुलोचनेने विचारलं. "मोहाच्या झाडाचं," जंगू म्हणाला, आणि लाजून पाइप उचलून निघून गेला.

भांडण सुरू झालं ते घसरगुंडीवरून. तिचा पत्रा मधोमध फाटला होता. एके संध्याकाळी एका चिमुकल्या पोरीची मांडी त्या पत्र्याने कापली. सुलोचनेने पदर फाडून पट्टी बांधली, रिक्षात घालून पोरीला दवाखान्यात नेलं, टाके घालेपर्यंत तिचा हात धरून बसली. दुसऱ्या दिवशी ती उद्यान समितीच्या कार्यालयात जाऊन सांगून आली. आठवड्याने पुन्हा गेली. दोन्ही वेळा तिला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं आणि "बघून घेतो" असं उत्तर मिळालं. त्याच महिन्यात समितीने बागेच्या भिंतीला गुलाबी रंग देऊन वर 'सुंदर' लिहिलं, फाटकावर रंगीत दिवे लावले, आणि अध्यक्षसाहेब चार माणसं घेऊन येऊन मोडक्या झोक्यापुढे फोटो काढून गेले.

त्या रात्री सुलोचना पोळ्या लाटता लाटता गाणं जुळवत बसली.

"झोका आमच्या बागेचा
एका साखळीनं लोंबते,
साहेब येते, फोटू काढते,
पोर खालीच थांबते.

घसरगुंडीले भोक पडलं,
भोकातून दिसे आभाय,
भिंत रंगली गुलाबी,
वर 'सुंदर' लिवेल हाय."

दुसऱ्या संध्याकाळी तिने ते चौथऱ्यावर म्हटलं आणि बायका हसून हसून लोळल्या. तिसऱ्या दिवशी बागेत फिरायला आलेली माणसंही साथ देऊ लागली. ज्योत्स्नाने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून आपल्या भावाला पाठवला. भावाने आणखी कुठे पाठवला कोण जाणे, पण नंदिनीने पुण्याहून फोन केला, "आई, तू तर फेमस झाली."

आठ-दहा दिवसांतच फाटकाजवळ पाटी लागली. पांढऱ्यावर लाल अक्षरं: 'उद्यानात गाणे, भाषण, घोषणा देण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.'

सुलोचनेने पाटी वाचली. पुन्हा वाचली. जंगू फाटकातच उभा होता. त्याच्या गळ्यात नवी कोरी शिट्टी लटकत होती.

"हे कवा लागलं?" तिने विचारलं.

"काल रातच्याले, सिस्टर. मले सांगून गेले का कोनी गायलं त शिट्टी वाजवजो म्हनून." त्याने शिट्टी मुठीत लपवल्यासारखी धरली. "माह्यावर रागावू नोका जी."

"तुह्यावर कायले रागावू? तू थोडी लिवली पाटी."

पण तिला राग आला होता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. कारण रोज सकाळी त्याच चौथऱ्यावर भोंगा लावून योगासनं चालत. भोंग्यातून बासरी वाजे, मग एक माणूस माइकवर श्वास कसा घ्यायचा ते सांगे, मग पन्नास जण हात वर करून मोठ्याने हसत. ते आजही झालं होतं. पाटी लागल्यानंतर झालं होतं.

ती तशीच समितीच्या कार्यालयात गेली. समितीचा सचिव अनुप देशकर हा पस्तिशीतला, नीटनेटका, कधीही आवाज न चढवणारा माणूस होता. तो उठून उभा राहिला, तिला खुर्ची दिली.

"मॅडम, गाण्याला कोणाचीच हरकत नाही," तो म्हणाला. "पण उद्या कोणीही येऊन काहीही म्हणेल. शिस्त नको का?"

"मंग सकाळचा भोंगा?"

"ते गाणं नाही, मॅडम. तो आरोग्याचा उपक्रम आहे. त्याला परवानगी आहे."

"आमाले बी द्या परवानगी."

"जरूर. अर्ज करा. कोणती गाणी म्हणणार, त्यांचे शब्द सोबत जोडा. समिती बघेल, आणि त्यातली जी योग्य असतील..."

"योग्य म्हंजे?"

अनुपने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आता उदाहरणच देतो. तुमच्या त्या गाण्यात 'साहेब येते' असं आहे. कोण साहेब?"

"कोनी बी साहेब."

"मग 'साहेब' कशाला? 'पाहुणे' म्हणा. 'पाहुणे येते, फोटू काढते.' चालीत बसतं ना?"

त्याने ते चालीवर म्हणून दाखवलं. चालीत बसत होतं. सुलोचनेला वाटलं, हा माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. नोकरीत ओरडणारे पुष्कळ पाहिले होते, त्यांच्यापुढे काय बोलायचं ते तिला ठाऊक होतं. या गुळगुळीत भिंतीवर नख कुठे रोवायचं?

"त्या पोरीले पाहुन्यानं नाई कापलं, पत्र्यानं कापलं," ती म्हणाली. "अन् पत्रा नीट करनं साहेबाचं काम हाय."

"दुरुस्तीचं बघून घेतो, मॅडम."

तेव्हा तिचा तोल गेला. "तुमाले बायाचंच गानं काऊन टोचते? तुमचा वॉचमन बी पानी देतानी दिवसभर गाते. त्याच्या गान्याचे शब्द मांगता का? त्याले लावता का पाटी?"

अनुपने शांतपणे मान डोलावली. "बरं झालं सांगितलं," तो म्हणाला.

ती रस्त्यावर आली आणि अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. परत फिरून सांगावं का? काय सांगणार, की तो गात नाही? ती फाटकापाशी थांबली, पण जंगू तेव्हा बागेच्या मागच्या बाजूला होता.

दुसऱ्या दिवशी पाइप चालू होता, पाणी पडत होतं, आणि जंगू गप्प होता.

"सिस्टर," थोड्या वेळाने तोच जवळ येऊन म्हणाला, "माह्या भाषेतलं गानं कोनाले समजत नाई. तरी बी बंद केलं. साहेब म्हने, समजत नाई म्हनूनच बंद." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं. सुलोचनेला त्याच्याकडे बघवेना. "माह्या तोंडून निंगालं, जंगू," ती म्हणाली. "रागात निंगालं." तो नळ बंद करायला गेला.

परवानगीचं बायकांत बोलणं झालं ते मंदाबाईच्या ओट्यावर. मंदाबाईचं म्हणणं सरळ होतं. "सुलोचनाताई, आपल्याजवळ शंभर गानी हायेत. एक नाई म्हनलं त का होते? नव्याण्णव त म्हनता येईन."

"अन् उद्या त्यातलं दुसरं काढा म्हनले त?"

"तवाचं तवा पाहू."

ज्योत्स्ना मशीनवरून उठून आलेली, बोटाला सुईचं टोपण तसंच. ती म्हणाली, "ताई, खरं सांगू का? त्या व्हिडिओपाई माह्या घरी लय बोलनं झालं. दुकानाची जागा समितीतल्याच एकाची हाय. मले नाई झेपत."

सुलोचनेला तिच्यावर रागवता येईना. आणि रागवता येत नाही याचाच राग येत होता. ज्योत्स्नाचं बरोबर होतं, मंदाबाईचं बरोबर होतं, अनुप देशकरचंसुद्धा त्याच्या जागी चालीत बसत होतं. सगळे बरोबर होते आणि पोरीच्या मांडीवर टाके होते. बायकांनी अर्ज दिला, त्यात ते गाणं नव्हतं. सुलोचनेने सही केली नाही. परवानगी लगेच आली: भक्तिगीते व देशभक्तीपर गीते, संध्याकाळी एक तास.

घरी प्रेमदास म्हणाला, "नंदिनीची माय, तुले गाऊ देऊन राह्यले ना? मंग आनखी का पायजे?"

"मले गाऊ देऊन राह्यले, हेच नाई पायजे मले," ती म्हणाली. प्रेमदासने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं, पुन्हा लावला आणि पेपरात डोकं घातलं. त्याला कळलं नाही असं नाही. त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

दोन दिवस ती बागेत गेलीच नाही. तिसऱ्या संध्याकाळी गेली, मुद्दाम उशिरा, बायकांचा तास उरकल्यावर. चौथऱ्यावर एकटी बसली आणि तेच गाणं म्हणायला लागली. एकटीचा आवाज बागेत फार मोठा वाटला. टाळ्या वाजवणारं कोणी नसल्यामुळे तिने स्वतःच मांडीवर थाप धरली.

जंगू धावत आला. शिट्टी त्याच्या तोंडात होती. समोर येऊन त्याने ती काढली. "सिस्टर, मले वाजवा लागते."

"वाजव," ती दोन ओळींच्या मध्ये म्हणाली आणि पुढची ओळ उचलली.

त्याने शिट्टी पुन्हा ओठात धरली. गाल फुगवले. पण फुंकलं नाही. ती गात राहिली, शेवटचं कडवं संपलं की पहिल्यापासून, आणि तो तसाच शिट्टी तोंडात धरून समोर उभा. फिरायला आलेली माणसं थांबली. कोणी मोबाइल काढला. दोन पोट्टे झोक्याची एकच साखळी धरून लोंबकळत 'पोर खालीच थांबते' ओरडायला लागले. एका म्हाताऱ्याने हळूच टाळी धरली आणि बायकोने हात दाबल्यावर सोडली.

कोणीतरी कळवलं असणार. अनुप देशकर स्कूटीवरून आला, स्टँड लावला, गर्दीतून वाट काढत चौथऱ्यापाशी आला. सुलोचनेशी तो एक शब्द बोलला नाही. जंगूला विचारलं, "तू काय करत होतास?"

जंगूने शिट्टी खाली सोडली. "ऐकत होतो," तो म्हणाला.

"याचा काई दोष नाई," सुलोचना उठून उभी राहिली. "यानं सांगतलं मले थांबा म्हनून. मीच नाई थांबली. मले विचारा, काय विचाराचं ते. पोलिसात द्या मले."

"पोलिसात कशाला, मॅडम? तुम्ही ज्येष्ठ आहात," अनुप म्हणाला. "चला, अंधार पडायला आला. घरी सोडून देऊ का?"

तिला रडू फुटेल असं वाटलं, इतका तो नम्र होता. ती पायीच घरी गेली.

पुढच्या आठवड्यात मंदाबाईचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, झोक्याले नवी साखळी लागली. घसरगुंडीचा पत्रा बदलवला. पोट्टे कसे रांगेनं उभे हायेत पाहा येऊन. तुमच्या गान्यानं झालं सगळं."

सुलोचना धावतच गेली. खरंच होतं. पत्रा इतका नवा होता की उन्हात त्याच्याकडे बघवत नव्हतं. ती टाके पडलेली पोरगीही आली होती आणि आईचा हात सोडवून पायऱ्या चढत होती. सुलोचनेचा जीव भरून आला. ओळखीचे-अनोळखी लोक थांबून म्हणत होते, "सिस्टरबाई, जिंकल्या तुमी." ती हो हो म्हणत होती. मग तिने फाटकाकडे पाहिलं. पाटी होती. पाटीखाली एक वेगळाच माणूस उभा होता, निळ्या शर्टातला, तिला न ओळखणारा.

"जंगू कुठी हाय?"

"कोण जंगू?" तो म्हणाला. "मी सोमवारपासून आहे."

ती पुन्हा अनुपकडे गेली. तो म्हणाला, वॉचमन ठेकेदाराचे असतात, समितीचा त्यात संबंध नसतो. आणि दुरुस्ती झाली ना, मॅडम? तुमचं काम झालं ना? मग आता नाराजी कशाची? हेच तिला मंदाबाईने विचारलं, ज्योत्स्नाने विचारलं, नंदिनीने फोनवर विचारलं. झालं ना तुमचं काम. साखळीसाठीच तर आपण गायलो होतो. साखळी आली. मग छातीत हे जे अडकून बसलंय त्याला काय नाव द्यायचं?

जंगूची खोली रेल्वे लाइनीपलीकडे होती. विचारत विचारत ती पोचली तेव्हा त्याची बायको गंगा दारात तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि सुलोचनेला बसायला पाट दिला.

"ते कारंज्याले गेले," गंगा म्हणाली. "हायवेवर एका ढाब्यावर ट्रकाईची राखन करतेत. रातच्याले. आठवड्यातून एक डाव येतेत."

"मी बोलतो ठेकेदाराशी. पाह्यजे त सगळ्या बायाईले घेऊन जातो."

"नोका जाऊ, सिस्टर." गंगा आवाज न चढवता बोलत होती. "तुमी बोलता तवा चांगलं बोलता. खरंच बोलता. पन तुमाले कोनी काढत नाई ना. तुमची पेन्शन घरी येते. तुमी बोलता अन् दुसऱ्याचं जाते."

सुलोचना हजार माणसांना इंजेक्शन टोचलेली बाई, पण अशी नेमकी सुई तिला कोणी टोचली नव्हती. "ते रागावले असन माह्यावर," ती म्हणाली.

"नाई जी." गंगाने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "ते त म्हने, सिस्टरचं गानं चांगलं होतं. मीच रागावली."

चहा झाला. गंगाने साखर घालून दिला, नीट दिला. निघताना सुलोचनेने पुन्हा येते म्हटलं, तेव्हा गंगा "येजा" म्हणाली, पण दारापर्यंत आली नाही.

नंतरचे काही दिवस सुलोचना ठेकेदाराला फोन करत राहिली. तो एकदा म्हणाला बघतो, मग फोन उचलेनासा झाला. बागेतल्या बायकांनी तिला बोलावलं. ती जाऊन बसली, टाळ्या दिल्या, देशभक्तीपर गीत झाल्यावर उठून आली. पाटीविरुद्ध अर्ज करावा म्हणून एका वकिलाला भेटली. त्याने कागद ठेवून घेतला आणि दिवाळीनंतर बघू म्हणाला.

आणि मग एका सकाळी भाजी चिरताना तिच्या तोंडात ओळ आली. जंगूवरची. बागेत पाणी घालणारा, मोहाच्या झाडाचं गाणारा माणूस. चाल आपोआप धावत होती.

"पानी देनारा गडी
हायवेवर गेला,
त्याच्या..."

ती थांबली. सुरी हातातच राहिली. गेला? कुठे गेला? तो आपल्या पायाने थोडाच गेला? त्याला काढलं. काढलं म्हणायचं सोडून आपल्या तोंडात 'गेला' कुठून आलं? तिने चालीत 'काढला' घालून पाहिलं. बसत होतं. अगदी नीट बसत होतं. म्हणजे चालीचा दोष नव्हता. कोणी शब्द मागितले नव्हते, कोणी शिट्टी घेऊन उभा नव्हता, स्वतःच्या स्वयंपाकघरात, भेंडी चिरताना, तिने आपणहून सोयीचा शब्द घेतला होता. समोर अनुप देशकर असता तर तिने भांडून घेतलं असतं. इथे कोणाशी भांडायचं?

तिने ओळ पुन्हा घेतली, मोठ्याने.

"पानी देनारा गडी
बागेतून काढला..."

"हळू," बाहेरच्या खोलीतून प्रेमदास म्हणाला.

"काऊन?"

"खिडकी उघडी हाय."

ती उठली, हात पदराला पुसले, आणि दुसरी खिडकीही उघडली. मग परत येऊन भेंडी पुढे ओढली. पण पुढची ओळ काही केल्या येईना. जी येत होती ती आधी तपासून येत होती, आणि तशी ओळ तिला नको होती.